इंजिनीअरिंग संपताच हवी ती नोकरी: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या मुलामुलींसाठी

सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीला घाऊक भरती करणारी पहिली आयटी कंपनी कॅम्पसवर येते. ऑफर मिळते, घरी पेढे वाटले जातात, आणि बऱ्याच कॉलेजांत त्याच दिवशी त्या मुलाचं नाव पुढच्या कंपन्यांच्या यादीतून उडतं. दोन महिन्यांनी त्याला मनापासून हवी असलेली कंपनी येते तेव्हा तो फॉर्मही भरू शकत नाही. म्हणून सहावं सेमिस्टर संपलं की लगेच प्लेसमेंट सेलची पॉलिसी मागून घ्या आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ऑफर हातात असताना दुसऱ्या कंपनीला बसता येतं का, ‘ड्रीम’ गटात कोणत्या कंपन्या धरतात (ठरावीक पॅकेजच्या वरच्या, की आधीच्या ऑफरच्या दीडपट-दुप्पट देणाऱ्या), आणि नाव नोंदवून परीक्षेला दांडी मारली तर शिक्षा काय, हे तीन नियम त्यात शोधा. प्रत्येक कॉलेजात ते वेगळे असतात. मित्राच्या कॉलेजात चालतं म्हणून आपल्याकडे चालेल असं धरू नका.

पॉलिसी कडक असेल तर पहिल्या कंपनीला बसायचं की नाही, हा निर्णय आधीच घ्यावा लागतो. घरची आर्थिक गरज तातडीची असेल तर बसा, त्यात कमीपणा काही नाही. नसेल, आणि कोअरमध्येच, म्हणजे आपल्या शाखेच्या कामातच, जायचं असेल, तर सीझनच्या मध्यापर्यंत थांबण्याची हिंमत ठेवा. तिथपर्यंत कोअर कंपनी आली नाही तर मात्र आयटीला बसून घ्या. डिसेंबरनंतर कॅम्पस झपाट्याने रिकामा होतो.

आधी पोस्ट, मग कंपनी

‘चांगल्या कंपनीत जायचंय’ एवढ्यावरून अभ्यास ठरत नाही. पोस्टचं नाव ठरलं की ठरतो. मेंटेनन्स इंजिनीअर, पायपिंग डिझाइन इंजिनीअर, पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) प्रोग्रॅमर, बॅकएंड डेव्हलपर, क्वालिटी इंजिनीअर, साइट इंजिनीअर यांतल्या दोनच पोस्ट निवडा. प्रत्येकीच्या दहा-बारा जाहिराती नोकरीच्या साइटवरून आणि कंपन्यांच्या करिअर पानांवरून जमवा आणि वहीत दोन रकाने पाडा: मागितलेलं कौशल्य, आणि किती जाहिरातींत ते आलं. दहापैकी सातांत जे येतं तेवढंच आधी शिका. एका जाहिरातीत दिसलेल्या सॉफ्टवेअरसाठी तीस हजारांचा कोर्स लावणं हा या पट्ट्यातला सगळ्यात रुळलेला अपव्यय आहे.

पट्ट्यात कुठे काय आहे हे राहणाऱ्यांनाही पूर्ण माहीत नसतं. दिघ्यापासून नेरूळपर्यंत पसरलेली टीटीसी एमआयडीसी ही केमिकल, फार्मा, मशिनिंग, पॅनेल बनवणारे आणि ऑटोमेशनची कामं घेणारे यांची जागा. ऐरोलीचे माइंडस्पेस आणि गिगाप्लेक्स, महाप्याचा मिलेनियम बिझनेस पार्क, ठाण्यात पोखरण रोड आणि घोडबंदर रोड इथे आयटी. कळवा-ऐरोलीच्या हद्दीवर सीमेन्सचा कारखाना आहे. तळोजा आणि पाताळगंगा म्हणजे केमिकल आणि धातू, न्हावा-शेवा म्हणजे बंदर. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी उड्डाणं सुरू झाली, त्यामुळे विमानतळाच्या देखभालीची कामंही आता घराजवळ आली आहेत. वागळे इस्टेटमधल्या लहान युनिटांना कमी लेखू नका. पंचवीस माणसांच्या कारखान्यात पहिल्या वर्षी जेवढं यंत्र हाताळायला मिळतं, तेवढं मोठ्या कंपनीत तीन वर्षांतही मिळेलच असं नाही.

इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलच्या मुलांनी एका क्षेत्राकडे आवर्जून बघावं: डेटा सेंटर. ऐरोली, रबाळे, महापे आणि पनवेल इथे त्यांची दाटी झाली आहे. आत सर्व्हर असले तरी ही इमारत चालवण्याचं काम विजेचं आणि थंडाव्याचं असतं: ट्रान्सफॉर्मर, यूपीएस, डीजी (डिझेल जनरेटर) सेट, चिलर, पंप, बीएमएस (इमारतीच्या यंत्रणांवर लक्ष ठेवणारी प्रणाली). मुलाखतीत विचारला जाण्याजोगा प्रश्न असा: बाहेरचा वीजपुरवठा गेला तर पुढच्या मिनिटात काय-काय घडतं? उत्तर क्रमाने द्या. यूपीएसची बॅटरी लोड तत्काळ उचलते. एएमएफ पॅनेल (पुरवठा गेल्याचं आपोआप ओळखणारं) डीजीला स्टार्ट देतं, डीजी काही सेकंदांत वेग आणि व्होल्टेज गाठतात, सिंक होतात आणि लोड त्यांच्यावर जातो. चिलर मात्र बंद पडला की पुन्हा पूर्ण क्षमतेला यायला काही मिनिटं घेतो. म्हणून मधल्या वेळासाठी थंड पाण्याची साठवण टाकी ठेवतात आणि तिचे पंप यूपीएसवर घेतात. ही शेवटची दोन वाक्यं बोलणारा उमेदवार लगेच वेगळा दिसतो. सोबत एन प्लस वन (गरजेपेक्षा एक यंत्र जास्त) आणि टू-एन (सगळंच दुप्पट) यांतला फरक, आणि पीयूई म्हणजे एकूण वीज भागिले आयटी उपकरणांची वीज, एवढं पक्कं हवं. अट एकच: काम चोवीस तास चालतं, त्यामुळे रात्रपाळी आलीच.

एक प्रोजेक्ट, पण तळापर्यंत

मुलाखतीचा निम्मा वेळ प्रोजेक्टवर जातो आणि बहुतेक मुलं इथेच पडतात, कारण प्रोजेक्ट विकत आणलेला असतो किंवा चौघांत एकाने केलेला असतो. मुलाखत घेणाऱ्याला ते तीन प्रश्नांत कळतं.

सगळ्यांच्या रेझ्युमेवर असणारा ‘आयओटी बेस्ड स्मार्ट इरिगेशन’ घ्या. विषय जुना आहे म्हणून तो टाकाऊ ठरत नाही, खोली नसली तर ठरतो. पहिला प्रश्न: मातीतला सेन्सर रेझिस्टिव्ह होता की कपॅसिटिव्ह? रेझिस्टिव्ह सेन्सरच्या पट्ट्यांतून मातीत सतत डीसी प्रवाह जातो, इलेक्ट्रोलिसिसने त्या काही आठवड्यांत झिजतात आणि रीडिंग सरकतं. म्हणून कपॅसिटिव्ह घ्यायचा, किंवा रीडिंगपुरतीच वीज द्यायची. दुसरा: पंप सुरू-बंद होताना कंट्रोलर रीसेट का व्हायचा? रिलेची कॉइल आणि पंपाची मोटर बंद होताना उलटा व्होल्टेज स्पाइक देतात. डायोड नव्हता किंवा कंट्रोलर आणि पंप एकाच पुरवठ्यावर होते. तिसरा: ईएसपी३२ या कंट्रोलरवर वाय-फाय चालू केल्यावर काही पिनांवर सेन्सर वाचेनासा का झाला? कारण त्या पिना एडीसी-२ च्या (एडीसी म्हणजे सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग) आहेत आणि तो भाग वाय-फाय वापरतं, सेन्सर एडीसी-१ च्या पिनेवर घ्यायला हवा. हे तिन्ही माहीत असणाऱ्याने प्रोजेक्ट स्वतः केलाय हे सिद्ध करावं लागत नाही.

कोणत्याही प्रोजेक्टसाठी एक नोंदवही ठेवा आणि तिच्यात चार गोष्टी तारखेसह लिहा: काय मोजलं आणि किती आलं, काय बिघडलं, कारण कसं शोधलं, पर्याय कोणता होता आणि तो का टाकला. संगणक शाखेसाठी हेच काम गिटचा इतिहास करतो, पण तो शेवटच्या रात्री एका फटक्यात चढवलेला नसावा. ‘मोंगोडीबी (एक डेटाबेस) का घेतलं?’ याला ‘फास्ट आहे’ हे उत्तर चालत नाही. तुमचा डेटा एकमेकांशी जोडलेल्या टेबलांचा असेल तर साधं पोस्टग्रेस योग्य होतं हे मान्य करा, त्याने गुण वाढतात.

रेझ्युमेवर हा प्रोजेक्ट तीन ओळींत बसतो: काय बांधलं, कोणत्या भागांनी, निकाल आकड्यात. ‘टीमसोबत काम करून ऑटोमेशन सिस्टिम विकसित केली’ ही ओळ कुणालाही लागू पडते. ‘२ कुंड्यांत ३० दिवस चाचणी, दर १५ मिनिटांना रीडिंग, वाळवून-वजन करून काढलेल्या ओलाव्याशी तुलना’ ही एकट्याचीच असते. आकडे खरे हवेत. खोटा आकडा तिथल्या तिथे उघडा पडतो, कारण पुढचा प्रश्न ‘कसा मोजला?’ हाच असतो.

रेझ्युमे एका पानाचा, एका रकान्याचा, पीडीएफ. फोटो, धर्म, वडिलांचा व्यवसाय, छंद, शेवटी सही-तारखेचं डिक्लरेशन हे सगळं काढा. दोन रकान्यांचे रंगीत नमुने सुंदर दिसतात, पण अर्ज वाचणारं सॉफ्टवेअर त्यातला मजकूर उलटसुलट जोडतं. फाइलचं नाव तुमचं नाव आणि शाखा असं ठेवा, ‘फायनल फायनल २’ नको.

गुण, केटी आणि ऑनलाइन चाचणी

बऱ्याच मोठ्या कंपन्यांची चाळणी दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री अशा सगळीकडे ६० टक्के किंवा ६ सीजीपीआय अशी असते, आणि लाइव्ह केटी (अजून सुटायचा राहिलेला विषय) चालत नाही. म्हणून पाचव्या-सहाव्या सेमिस्टरची केटी राहिली असेल तर कोडिंगचा नाद थोडा बाजूला ठेवून ती आधी काढा. टक्के लिहिताना सीजीपीआयला सरसकट ९.५ ने गुणू नका, ते सूत्र सीबीएसईच्या दहावीचं आहे. तुमच्या विद्यापीठाचं किंवा स्वायत्त कॉलेजचं जे अधिकृत सूत्र असेल तेच वापरा, नाहीतर पडताळणीत आकडे जुळत नाहीत.

अॅप्टिट्यूडसाठी वेगळी बुद्धी लागत नाही, घड्याळ लागतं. टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, क्रमबद्ध मांडणी आणि तर्क एवढे विषय रोज ४५ मिनिटं, घड्याळ लावून, तीन महिने. कोडिंगसाठी अॅरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, रिकर्शन, लिंक्ड लिस्ट, ट्री आणि एसक्यूएलचे जॉइन यांची समजून सोडवलेली दीडशे गणितं पाठ केलेल्या पाचशेंवर भारी पडतात. घरून परीक्षा असेल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, मोबाइलचं हॉटस्पॉट तयार ठेवा, बाकीचे टॅब बंद करा, आणि खोलीत कुणी येणार नाही हे घरच्यांना नीट समजवा. कॅमेऱ्यात आईचा हात चहाच्या कपासह दिसला तरी सॉफ्टवेअर त्याची नोंद करतं.

तांत्रिक मुलाखत

प्रश्न पुस्तकाच्या शेवटच्या धड्यातून येत नाहीत, पहिल्या तीन धड्यांतून येतात आणि ‘का’ने सुरू होतात.

इन्स्ट्रुमेंटेशन: ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल शून्याऐवजी ४ पासून का सुरू होतो? तार तुटली तर शून्य दिसतं आणि बिघाड ओळखता येतो, शिवाय त्या ४ मिलिअँपिअरवर दोन तारांचा ट्रान्समीटर स्वतः चालतो. पाठोपाठ हिशोब: ० ते १० बारचा ट्रान्समीटर ८ मिलिअँपिअर देतोय, दाब किती? (८ − ४) ÷ १६ म्हणजे २५ टक्के, २.५ बार. हे कागदाशिवाय यायला हवं.

इलेक्ट्रिकल: स्टार-डेल्टा स्टार्टर का? सुरुवातीचा लाइन करंट एक तृतीयांश होतो. टॉर्कही एक तृतीयांश होतो, म्हणून भरलेल्या कन्व्हेयरला तो चालत नाही. ही दुसरी बाजू बहुतेक जण विसरतात.

मेकॅनिकल आणि केमिकल: पंपात कॅव्हिटेशन का होतं? सक्शनला उपलब्ध एनपीएसएच (द्रव उकळू नये म्हणून लागणारा दाबाचा राखीव भाग) गरजेपेक्षा कमी पडतं आणि द्रव तिथेच उकळतो. मग उपाय विचारतील: टाकी उंच घ्या, सक्शन पाइप आखूड आणि मोठ्या व्यासाचा करा, गाळणी साफ करा, द्रवाचं तापमान कमी ठेवा. डिस्चार्जचा व्हॉल्व्ह थोडा बंद केल्यानेही तात्पुरता आराम मिळतो, सक्शनचा व्हॉल्व्ह मात्र कधीच आवळायचा नाही.

सिव्हिल: एम-२५ काँक्रीटसाठी मिक्स डिझाइन करताना टार्गेट २५ का धरत नाही? साइटवर चढउतार होतात, म्हणून २५ + १.६५ × ४ (४ हे प्रमाण विचलन), म्हणजे ३१.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरतात. क्यूब १५० मिलिमीटरचा, चाचणी २८ दिवसांनी.

उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, पण मी असं शोधेन’ म्हणा आणि खरोखर दोन पायऱ्या सांगा. थापा मारल्या की उरलेल्या खऱ्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजीची धास्ती असते. व्याकरण चुकल्याने नोकरी जात नाही, वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प बसल्याने जाते. आपला प्रोजेक्ट आणि आपली ओळख रोज मोठ्याने इंग्रजीत बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐका. ओळख दीड मिनिटाची असावी आणि तिचा बराचसा भाग कामाबद्दल. ‘माय फादर इज...’ ने सुरू होणारी ओळख ऐकून घेणारे कंटाळलेले असतात.

कॅम्पसवर कंपनी आलीच नाही तर

कोअर शाखांत हे नेहमीचं आहे. जाहिरातीत ‘ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी’ हे शब्द शोधा आणि कंपनीच्या स्वतःच्या पानावर अर्ज करा. पण सगळ्यात जास्त चालतो तो कॉलेजचाच माजी विद्यार्थी. त्याला ‘दादा, काही व्हेकन्सी आहे का?’ असं लिहिलं तर उत्तर येत नाही, कारण त्याच्याकडे देण्यासारखं काही नसतं. त्याला उत्तर देता येईल असं विचारा:

‘नमस्कार दादा, मी आपल्याच कॉलेजची, इन्स्ट्रुमेंटेशन, शेवटचं वर्ष. पीएलसीवर पाण्याच्या टाकीचं लेव्हल कंट्रोल केलंय, पीआयडी ट्यून करताना ओव्हरशूट येतोय. तुमच्याकडे कामावर रुजू होणाऱ्यांना ट्युनिंग किती यावं लागतं? दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का? रविवारीही चालेल.’

बोलणं झाल्यावर दुसऱ्या दिवशी आभार, आणि त्यांनी सुचवलेलं करून पाहिल्यावर निकाल कळवा. रेफरल मागायची वेळ त्यानंतरची. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदाच आठवण करा.

लहान कारखान्यांसाठी वागळे इस्टेटमध्ये ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन आणि टीटीसी पट्ट्यात ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आहे. कोणतं युनिट काय बनवतं हे कळायला तिथून सुरुवात करा. गेटवरच्या सिक्युरिटीकडे टाकलेला रेझ्युमे बहुधा तिथेच राहतो. आधी फोन करून मेंटेनन्स किंवा एचआर बघणाऱ्यांचं नाव विचारा, मग जा. मुलाखत रविवारी असेल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक बघा, ट्रान्सहार्बर बंद असली की ठाण्याहून महाप्याला रस्त्याने किती वेळ लागेल याचा भरवसा नाही.

अॅप्रेंटिसशिप हा कोअरचा मागचा दरवाजा समजा, आणि तो चांगला आहे. नॅट्सच्या (राष्ट्रीय अॅप्रेंटिसशिप प्रशिक्षण योजना) पोर्टलवर नोंदणी करा. साधारण वर्षभराचं प्रशिक्षण मिळतं आणि स्टायपेंडचा काही भाग सरकार भरतं. पश्चिम विभागाचं अॅप्रेंटिसशिप मंडळ सायनला आहे. कायम नोकरीची हमी नसते, पण कारखान्यातला एक वर्षाचा अनुभव फ्रेशरच्या रांगेतून बाहेर काढतो.

सरकारी कंपन्या आणि बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) हवं असेल तर गेट ही राष्ट्रीय परीक्षा. ६५ प्रश्न, १०० गुण, ३ तास, त्यातले १५ गुण अॅप्टिट्यूडचे. तिसऱ्या वर्षातही देता येते, ती एक तालीम समजा. स्कोअर ३ वर्षं वैध असला तरी अनेक जाहिरातींत त्याच वर्षाचा मागतात, हे आधी पाहून घ्या.

ऑफर लेटर वाचताना

लेटर ऑफ इंटेंट म्हणजे ऑफर लेटर नव्हे. त्यात रुजू होण्याची पक्की तारीख नसते, आणि रुजू होणं पुढे ढकललं गेलं तर हाती काहीच उरत नाही. पक्कं पत्र येईपर्यंत बाकीचे अर्ज चालू ठेवा.

सीटीसीला (कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार असलेला एकूण खर्च) बाराने भागून पगार काढू नका. उदाहरण घ्या: सीटीसी ४,२०,०००. बेसिक निम्मं म्हणजे २,१०,०००. सीटीसीतून कंपनीचा पीएफ बेसिकच्या १२ टक्के २५,२००, ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के सुमारे १०,१००, व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) ३०,०००, विमा ६,००० बाजूला गेले. उरले साधारण ३,४८,७००, महिन्याला २९,०५८. त्यातून तुमचा पीएफ २,१०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० जातो (फेब्रुवारीत ३००, महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना महाराष्ट्रात माफ). हातात सुमारे २६,७५०. मनात धरलेल्या ३५,००० च्या जवळपासही नाही. दोन ऑफरची तुलना करायची तर याच आकड्याची करा आणि व्हेरिएबल शून्य धरा.

बाँड असेल तर मुदत, रक्कम आणि रक्कम कशी घटत जाते हे वाचा. ‘बाँडला कोर्टात काही अर्थ नसतो’ हे कट्ट्यावरचं ज्ञान आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा दोन लाखांचा बाँड वैध ठरवला. मूळ गुणपत्रिका मात्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या.

नोकरीसाठी कुणी ‘रिफंडेबल डिपॉझिट’, लॅपटॉपचे पैसे किंवा ट्रेनिंग फी मागितली, किंवा मोठ्या कंपनीचं पत्र जीमेलवरून आलं, तर तिथेच थांबा. कंपनीच्या पानावरचा फोन नंबर स्वतः शोधून खात्री करा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

आणि नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर वेगळा क्रम, पॅनवर वडिलांचं नाव गायब, स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ जास्त: पार्श्वभूमी पडताळणी आणि पीएफ खातं याच्यावर अडतं. सहसा दहावीचं नाव प्रमाण धरा आणि आधार, पॅन, बँक त्याप्रमाणे सातव्या सेमिस्टरमध्येच दुरुस्त करून घ्या. कारखान्याची नोकरी असेल तर त्याच वेळी डोळ्यांची रंगओळख चाचणीही करून ठेवा. वायरिंग आणि प्रोसेसच्या कामांसाठी वैद्यकीय तपासणीत ती घेतात, आणि रंगांधळेपणा असेलच तर पोस्ट बदलायला अजून वेळ हातात असतो.